स्मार्ट वाहतुकीची निविदा: खोके विकत घ्यायचे की काम?

तापीकाठ
विषय जरा रुक्ष आहे, पण जाणकार मंडळी इथे आहेत म्हणून धागा काढतोय.

जळगाव (२०११ च्या जनगणनेत ४.६० लाख) आणि धुळे (३.७५ लाख) या मापाच्या शहराला दोन गोष्टी घ्यायच्या आहेत असं धरा. एक, थांब्यावर आणि मोबाइलवर बस किती मिनिटांत येईल ते सांगणारी यंत्रणा. दुसरी, सहा-आठ चौकांत रहदारी बघून वेळ बदलणारे सिग्नल.

अशा निविदा बहुतेक मोठ्या शहराच्या कागदावरून उतरवलेल्या असतात. इतक्या इंचांचा फलक, इतके मेगापिक्सेल, अमुक प्रोसेसर. ज्याच्या माहितीपत्रकावरून हे उतरवलं तोच पात्र ठरतो. शहराला मिळतात खोके. बस कधी येणार ते कोणालाच कळत नाही.

युरोपात खरेदीलाच नवनिर्मितीचं हत्यार करतात. २००७ पासून 'व्यापारपूर्व खरेदी' आहे. त्यात तीन-चार कंपन्यांना टप्प्याटप्प्याने विकासाचं काम देतात आणि दर टप्प्याला गाळणी लावतात. २०१४ च्या निर्देशात 'नवोन्मेष भागीदारी' आली, म्हणजे विकास आणि खरेदी एकाच करारात. इंग्लंड आणि नेदरलँड्सच्या महामार्ग यंत्रणांनी मिळून वाहतूक नियंत्रण केंद्रांसाठी 'चार्म' नावाने अशी खरेदी केली होती. आपल्याकडे संरक्षण खात्याची स्टार्टअपसाठीची आयडेक्स योजना (२०१८) आणि रेल्वेचं स्टार्टअप धोरण (२०२२) आहे. त्या २०२२ च्या धोरणात रेल्वेने दीड कोटीपर्यंत निम्मा वाटा उचलायचं आणि बौद्धिक हक्क शोधणाऱ्याकडेच ठेवायचं ठरवलं.

प्रश्न असा की महापालिकेला कायद्यात राहून, एल-१ (सगळ्यात कमी दरवाल्याला काम) आणि लेखापरीक्षण सांभाळून, यातलं काय करता येईल?

चौफुली
आधी आहेत ते सिग्नल चालू करा. मग नवनिर्मिती.

केळीवाला_रावेर
चौफुलीभाऊ, पिवळा दिवा चोवीस तास लुकलुकतो, तीही एक सेवाच आहे. अपटाइम १०० टक्के.

निविदाकार
सगळी मेख मोजमापाच्या कलमात असते, म्हणून ते कलम कसं लिहायचं ते सांगतो.

फलक किती इंची ते लिहू नका. असं लिहा: "बस ५ मिनिटांच्या आत येईल असा अंदाज दिला असेल तेव्हा चूक १ मिनिटापेक्षा जास्त नको. ५ ते १५ मिनिटांच्या अंदाजात ३ मिनिटांपेक्षा जास्त नको. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळांत, प्रत्येक मार्गावर वेगवेगळं मोजून, ८५ टक्के अंदाज या मर्यादेत हवेत." आकडे आपल्या शहराप्रमाणे बदला, ठेवण तीच ठेवा.

पळवाटा इथे असतात:

१. 'प्रत्येक मार्गावर' आणि 'गर्दीच्या वेळी' हे शब्द गाळले की ठेकेदार दिवसभराची सरासरी दाखवतो. दुपारी तीनला रिकाम्या रस्त्यावर अंदाज बरोबर येतोच. त्या बळावर संध्याकाळची घाण झाकली जाते.

२. अंदाज दिलाच नाही तर ती चूक धरायची. हे लिहिलं नाही तर खात्री नसेल तेव्हा यंत्रणा फलक कोरा ठेवते आणि उरलेल्या अंदाजांवर ९५ टक्के गुण मिळवते.

३. 'बस आली' म्हणजे काय ते ठरवा. थांब्याभोवती ३० मीटरचं वर्तुळ काढलं तर रस्त्याच्या पलीकडून उलट दिशेने जाणारी बसही 'आली' म्हणून नोंदते. मार्ग, दिशा आणि थांब्यांचा क्रम, तिन्ही जुळले तरच नोंद.

४. सुरुवातीच्या थांब्यावर बस कधी सुटेल ते चालक आणि नियंत्रकाच्या हाती असतं, ठेकेदाराच्या नाही. मार्गाचे पहिले दोन थांबे मोजणीतून वगळा, नाहीतर पहिल्या महिन्यापासून वाद.

दर मिनिटाला दिलेला प्रत्येक अंदाज आणि प्रत्यक्ष आगमन, दोन्हीची कच्ची नोंद महापालिकेच्या सर्व्हरवर पडली पाहिजे. ठेकेदाराने महिन्याअखेरी पाठवलेला पीडीएफ अहवाल म्हणजे मोजमाप नव्हे.

पांझरा
निविदाकार, हे सुंदर आहे. पण एल-१ चं काय? एवढं काटेकोर लिहिलं तरी सगळ्यात स्वस्त येणारा "होय, जमेल" म्हणून सही करतो आणि दोन वर्षांनी पळतो. गुणवत्ता आणि किंमत एकत्र धरणारी पद्धत, क्यूसीबीएस, लावायला हवी.

शून्य_तरतूद
पांझराताई, क्यूसीबीएसवर एवढी भिस्त नको. आधी गणित बघा.

केंद्राच्या वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांत सल्लागार सेवांच्या बाहेरही, म्हणजे बांधकामं आणि इतर सेवांनाही, क्यूसीबीएसची मुभा दिली. अट अशी की सक्षम प्राधिकाऱ्याने ती खरेदी गुणवत्ताप्रधान म्हणून जाहीर केली पाहिजे. शिवाय तांत्रिक गुणांचं वजन जास्तीत जास्त ३० टक्के.

समजा दोन कंपन्या आहेत. अ ला तांत्रिक ९० गुण, दर १.२० कोटी. ब ला ७२ गुण, दर १ कोटी.
अ: ९० × ०.३ = २७. किमतीचे गुण १०० ÷ १.२ = ८३.३३, त्याचे ७० टक्के ५८.३३. एकूण ८५.३३.
ब: ७२ × ०.३ = २१.६, अधिक ७०. एकूण ९१.६.

म्हणजे १८ गुणांची आघाडी असूनही अ सहज हरला. ब ला गाठायला त्याला १ कोटी ८ लाखांच्या आसपास यावं लागेल. १८ गुणांची किंमत झाली साधारण आठ-साडेआठ टक्के. स्वस्तात घुसणारा वीस-पंचवीस टक्के खाली जातो, त्याला यातलं काहीच अडवत नाही.

त्यापेक्षा पात्रतेची पायरी उंच ठेवा, आणि पायरी कागदावर नव्हे, रस्त्यावर चढायला लावा. पहिल्या, तांत्रिक लिफाफ्यात पास झालेल्या प्रत्येकाने पाच बसवर तीन आठवडे यंत्रणा चालवून दाखवायची, निविदाकारांच्या कलमाने मोजायची. उतरले त्यांचाच दुसरा, दराचा लिफाफा उघडायचा. त्यांच्यात मग एल-१ असला तरी हरकत नाही.

सातपुडा
+१. फक्त चाचणीचा खर्च द्या. फुकट चाचणी म्हटलं की मोठेच येतात. पाच बसची उपकरणं, सिमकार्डं, दोन माणसं तीन आठवडे, हा खर्च नवख्या कंपनीच्या जिवावर येतो. प्रत्येकाला ठरलेली एक रक्कम, हरला तरी.

लेखाआक्षेप
"हरला तरी" हे वाचून लेखापरीक्षकाच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. 😀

थट्टा बाजूला. न घेतलेल्या वस्तूसाठी पैसे दिले असा आक्षेप शंभर टक्के निघतो. तो टाळायचा तर ती रक्कम 'चाचणी अहवाल आणि कच्ची विदा (डेटा)' या वस्तूची किंमत म्हणून निविदेतच दाखवा. पालिकेला काहीतरी मिळालं पाहिजे, आणि ते साठा नोंदवहीत किंवा मोजमाप पुस्तकात चढलं पाहिजे.

धाग्यात केंद्राच्या नियमांवर बोलणं चाललंय, म्हणून एक दुरुस्ती. सामान्य वित्तीय नियम २०१७ हे केंद्राच्या खात्यांचे. नियम १६४ मध्ये दोन टप्प्यांच्या बोलीची सोय आहे, १७० मध्ये नवउद्यमांना बयाणा रकमेची माफी आहे, १७३ मध्ये अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते. हे सगळं खरं, पण महापालिका त्याने आपोआप बांधली जात नाही. पालिकेला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू, करारासाठी कलम ७३ आणि स्थायी समिती. कार्यपद्धतीला राज्याच्या उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी नियमपुस्तिका. टिपणीत केंद्राचा नियम 'मार्गदर्शक म्हणून' उद्धृत करायला हरकत नाही, आधार मात्र राज्याचा आणि अधिनियमाचा द्यावा. योजनेत केंद्राचा पैसा असेल तर त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचना वेगळ्या, त्या वरचढ.

तापीकाठ
ही दुरुस्ती महत्त्वाची. राज्याचं स्टार्टअप सप्ताहाचं दार या कामाला चालेल का?

लेखाआक्षेप
चाचणीपुरतं चालेल. राज्य नाविन्यता सोसायटी २०१८ पासून ते करते. सुरुवातीच्या वर्षांत २४ विजेत्यांना सरकारी विभागांबरोबर काम करायला प्रत्येकी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळत. इथे पैसे पालिकेच्या तरतुदीतून जात नाहीत ही मोठी सोय.

अडचण पुढे आहे. चाचणी यशस्वी झाली तरी मोठी ऑर्डर त्यालाच थेट देता येत नाही, पुन्हा निविदा काढावी लागते. संरक्षण खरेदीत आयडेक्सच्या वस्तूला वेगळी वाट आहे, पालिकेला तशी नाही. मग होतं काय, चाचणी करणारा पोरगा बाजूला राहतो आणि त्याच्या अनुभवावर दुसराच दर भरतो. नाहीतर उलटं. चाचणीवाल्यानेच तपशील लिहून दिलेला असतो आणि बाकीचे "हितसंबंध" म्हणून कोर्टात जातात. दुसरं टाळायचं असेल तर चाचणीचे निकाल आणि विदेचा आराखडा निविदेआधी सगळ्यांसाठी संकेतस्थळावर टाका. पहिल्यावर मला तरी नीट उपाय दिसत नाही.

जिल्हा नियोजनातलं 'नावीन्यपूर्ण योजना' हे शीर्षही विसरू नका. चाचणीच्या मापाची रक्कम तिथून निघू शकते. फक्त मार्चमध्ये जागे होऊ नका.

केळीवाला_रावेर
बठ्ठं बरोबर शे भो, पन लाइटबिल कोन भरी?

चौफुली
हाच तो प्रश्न. महामार्ग प्राधिकरण म्हणतं चौक तुमचा, पालिका म्हणते रस्ता तुमचा, पोलीस म्हणतात आम्ही फक्त शिट्टी वाजवतो.

पांझरा
विनोद म्हणून सोडू नका, निविदा नेमकी इथे मरते. जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, जळगाव शहराच्या पोटातून गेलाय. आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, सगळे त्यावर. तिथे खांब रोवायला महामार्गवाल्यांचं ना-हरकत, चालवायला वाहतूक पोलीस, पैसे पालिकेचे. म्हणून कार्यारंभ आदेशाआधी त्रिपक्षीय करार हवा. त्यात नावानिशी चार गोष्टी: वीजजोडणी कोणाच्या नावावर, बिल कोण भरणार, रस्त्याचं डांबरीकरण किंवा खोदाई करण्याआधी किती दिवस कळवायचं, आणि हाताने सिग्नल चालवायचा अधिकार कोणाला. शेवटचं फार महत्त्वाचं. हवालदाराने कळ दाबून एक बाजू पाच मिनिटं सोडली की यंत्रणेचा सगळा हिशोब विस्कटतो. मग ठेकेदार म्हणतो, "तुमच्या माणसानेच बंद केलं, दंड कसला लावता?" हाताने चालवलेल्या वेळेची नोंद आपोआप व्हावी आणि तेवढा वेळ मोजणीतून वजा व्हावा.

ग्रीन_फेज
सिग्नलचा विषय निघालाच आहे तर तांत्रिक बाजू. थोडं लांबेल.

आठही चौकांना 'अनुकूली' (चौक एकमेकांशी जोडून वेळ बदलणारी) यंत्रणा घेऊ नका. चौक एकमेकांपासून साधारण ८०० मीटर ते एक किलोमीटरच्या आत असतील तरच त्यांना एका दोरीत बांधून फायदा होतो. त्याहून लांब असले की वाहनांचा घोळका वाटेतच पांगतो. एकट्या चौकाला वाहन ओळखून वेळ कमी-जास्त करणारा साधा नियंत्रक पुरतो आणि पैसेही बरेच वाचतात. देशी पर्यायही आहे. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने बनवलेली कोसिकॉस्ट ही सिग्नल यंत्रणा आपल्या मिश्र रहदारीसाठीच रचलेली आहे.

शोधक (वाहन ओळखणारं उपकरण) कोणता, हे निविदेत लिहू नका, पण प्रत्येकाचं दुखणं माहीत असू द्या. रस्त्यात पुरलेली तारेची वेटोळी लेन पाळणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. आपल्याकडे दोन वेटोळ्यांच्या मधून चार दुचाकी जातात आणि त्या मोजल्याच जात नाहीत. शिवाय रस्ता खरवडून नवं डांबर टाकलं की वेटोळं गेलं. कॅमेरा दुचाकी मोजतो, पण मावळतीचा सूर्य समोर आला की आंधळा होतो, आणि काचेवर एप्रिल-मेची धूळ बसते. काच किती दिवसांनी पुसायची ते देखभालीच्या यादीत लिहिलेलं हवं. रडार धुळीला जुमानत नाही, मात्र थांबलेली वाहनं ओळखण्यात स्वस्त रडार चुकतं.

आता ऊन. भुसावळ-जळगावकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. उन्हातल्या लोखंडी पेटीत आत ६० सहज होतं. नियंत्रक औद्योगिक प्रतीचा, ७० अंशांपर्यंत चालणारा लागतो. यूपीएसमधल्या शिसे-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि दर आठ-दहा अंशांना निम्मं होतं. कागदावरची पाच वर्षं इथे दीड-दोन वर्षांवर येतात. लिथियम-फॉस्फेट घ्या, किंवा बॅटरीचा बदल देखभालीत धरा. पेटीला दुहेरी भिंत, वर सावलीचं छप्पर, पंख्याला जाळी. अर्थिंग ५ ओहमच्या आत, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी मोजून. वीज पडल्यावर वाचवणारा तडितरोधक नसेल तर जूनच्या पहिल्या वादळात दोन नियंत्रक जातात.

यश कसं मोजायचं? 'आधी आणि नंतर' अशी तुलना करू नका. आधी बंद सिग्नल आणि मग नवा सिग्नल अशी तुलना केली तर काहीही लावलं तरी सुधारणा दिसणारच. शिवाय मे महिन्यात शाळा बंद, जूनमध्ये चालू, मग आकड्यांना अर्थ काय? एक आठवडा यंत्रणा चालू, पुढचा आठवडा नीट बसवलेल्या ठरावीक वेळांवर, असं आलटून-पालटून आठ आठवडे चालवा आणि त्यांची तुलना करा. ठरावीक वेळापत्रक ठेकेदाराने नाही, त्रयस्थाने बसवायचं. नाहीतर तो मुद्दाम वाईट बसवतो.

पादचाऱ्यांचं कलम वेगळं. सेकंदाला १.२ मीटर चाल धरली तर १४ मीटरचा रस्ता ओलांडायला जवळपास १२ सेकंद, त्यात पाऊल टाकण्याचे पाच-सात मिळवा. ही १७ ते १९ सेकंदं यंत्रणेने कधीच कापायची नाहीत असं स्पष्ट लिहा. वाहनांचा वेळ वाचवण्याचं बक्षीस लावलं की संगणक पहिली कात्री तिथेच लावतो.

चौफुली
ग्रीन_फेज, मी माझा "आधी आहेत ते चालू करा" प्रतिसाद मागे घेत नाही, पण "नीट बसवलेल्या ठरावीक वेळा" ही तुलना मला पटली. त्यातून कदाचित असंही निघेल की निम्म्या चौकांना तेवढंच पुरतं!

ग्रीन_फेज
निघेलच. आणि तसं निघालं तर यंत्रणा न घेण्याची मुभा करारात ठेवा.

सातपुडा
बसकडे परत. नवीन जीपीएस खोके घेण्याआधी बसमध्ये काय आहे ते पाहा. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाप्रमाणे स्थाननिदर्शक आणि संकटकाळी दाबायचं बटण बंधनकारक आहे. म्हणजे उपकरण बहुधा आहे, फक्त त्याची विदा दुसऱ्याच सर्व्हरला जाते. हे मानक एकापेक्षा जास्त पत्त्यांवर विदा पाठवायची सोय मागतं. एक पत्ता पालिकेचा जोडून घ्या. हे न तपासता निविदा काढली की एका बसमध्ये दोन-दोन जीपीएस आणि तेवढीच जास्त सिमकार्डं, आणि बिल सगळ्यांचं.

नंदुरबार जिल्ह्यात आणखी एक भानगड. धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ घाटात नेटवर्क जातं. उपकरण तोवरची ठिकाणं साठवून ठेवतं आणि रेंज आली की एकदम ओततं. सर्व्हरने संदेश पोहोचल्याची वेळ धरली तर बस शहाद्यात उभी असताना फलकावर घाटात दिसते. संदेशातली उपग्रहाची वेळ धरायची आणि जुने संदेश फक्त इतिहासात टाकायचे, असं कलम लागतं. चाचणीच्या मार्गात एक तरी घाटाचा मार्ग हवाच. निव्वळ शहरातल्या चाचणीत हे कधी उघडकीला येत नाही.

केळीवाला_रावेर
बस ठीक. सावद्याहून निघालेला केळीचा ट्रक कुठवर आला ते कोणत्या फलकावर दिसेल?

सातपुडा
व्यापाऱ्याच्या चेहऱ्यावर.

डेपो_नंबर_२
खरेदीने बाजार कसा हलतो त्याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण ई-बसचं आहे आणि ते अजून कोणी काढलं नाही. २०२२ मध्ये सीईएसएल या सरकारी कंपनीने बेंगळुरू, दिल्ली, सुरत, हैदराबाद, कोलकाता या पाच शहरांची मागणी एकत्र केली, तपशील एकसारखा केला आणि ५,४५० बसची एकच निविदा काढली. बस विकत घ्यायची नाही, किलोमीटरला पैसे द्यायचे. १२ मीटरच्या बसला सर्वांत कमी दर ४३.४९ रुपये आला, ९ मीटरला ३९.२१. एकेकट्या शहराला हा दर कोणी दिला नसता.

खानदेशासाठी यातलं घेण्यासारखं म्हणजे मागणी एकत्र करणं. जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ यांनी वेगवेगळ्या चार निविदा काढल्या तर चांगली कंपनी फिरकणारही नाही. तपशील एक, चाचणी एक, दरकरार (सगळ्यांसाठी एकच दर ठरवणारा करार) एक, कार्यादेश आपापले.

पीएम ई-बस सेवेत (ऑगस्ट २०२३, १०,००० बस) जळगावचं नाव आहे, म्हणून हेही लिहितो. बसच्या पल्ल्याचं कलम "एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर" एवढंच लिहू नका. "वातानुकूलन चालू, बाहेर ४५ अंश, बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आलेली असताना इतके किलोमीटर" असं लिहा. नव्या बॅटरीवर जानेवारीत घेतलेली चाचणी मेमध्ये उपयोगाची नाही.

वीज आधी मागा. ९ मीटरची बस किलोमीटरला साधारण १ युनिट खाते. दिवसाला १८० किलोमीटर आणि ५० बस म्हणजे रोज ९,००० युनिट. रात्री सात तासांत भरायच्या तर १,३०० किलोवॅटच्या आसपास भार. ही उच्चदाब जोडणी आहे. महावितरणचा अर्ज, अंदाजपत्रक, रोहित्र, वाहिनी यात महिने जातात. बस येऊन उभ्या आणि वीज नाही, मग हमी दिलेल्या किलोमीटरचे पैसे न धावताही द्यावे लागतात.

पांझरा
डेपोभाऊ, एकत्र निविदेत पुढारपण कोणाचं? चार स्थायी समित्या, चार ठराव, आणि मध्येच एखादी आचारसंहिता.

डेपो_नंबर_२
म्हणूनच दरकरार म्हटलं. एका पालिकेने निविदा काढायची, बाकीच्यांची संख्या 'अंदाजित' म्हणून आधीच निविदेत दाखवायची. नंतर घुसवली तर तो व्याप्तीबाहेरचा वाढीव आदेश ठरतो.

शून्य_तरतूद
पैसे कधी द्यायचे त्यावर कोणीच बोललं नाही. नेहमीचं कलम: माल आला ७० टक्के, बसवला २०, वर्षाने १०. दुसऱ्या वर्षी ठेकेदाराला थांबायला कारणच उरत नाही.

त्याऐवजी यंत्रणा चाचणीत उतरून सुरू झाली की ६० टक्के. उरलेले ४० टक्के पाच वर्षांच्या २० तिमाहींत, दर तिमाहीला २ टक्के, मोजमापानुसार. देखभालीचा दर वेगळा मागवला तर भांडवली किमतीत सगळं भरून देखभाल 'एक रुपया' लिहितात. त्याला किमान मर्यादा घाला आणि एल-१ पाच वर्षांच्या एकूण खर्चावर ठरवा.

याचा एक तोटा आहे, तो लपवत नाही. ४० टक्के अडकवले की लहान कंपनीचं खेळतं भांडवल संपतं, आणि सरकारी पैसा वेळेवर येईल यावर तिचा विश्वास नसतो. तो नसण्याला कारणंही आहेत. ई-बसमध्ये केंद्राला २०२४ मध्ये पैसे मिळण्याची हमी देणारी वेगळी योजना आणावी लागली ती उगीच नाही. पालिकेने पाच वर्षांची रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवली तर दर उतरतो.

आणि ते "अपटाइम ९८ टक्के". महिन्याचे ७२० तास, त्यातले १४ तास २४ मिनिटं बंद राहायची परवानगी. ते १४ तास संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यानच पडले तर? गर्दीच्या तासाला पाचपट वजन द्या.

निविदाकार
वजनाचं कलम उचलतो. पात्रतेचंही बघा. "८० टक्के किमतीचं एक सारखं काम, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन" हे बांधकामाच्या निविदांतून आलेलं सूत्र इथे जसंच्या तसं डकवतात. पूल बांधणाऱ्याला ते ठीक. देशात जी गोष्ट नवी आहे तिची तीन कामं कोणाकडे असणार? अनुभवाची जागा चाचणीने घ्यावी.

विदेच्या मालकीचं कलम तर हवंच. मार्ग, थांबे, वेळापत्रक जीटीएफएस या खुल्या प्रमाण स्वरूपात आणि चालू स्थिती जीटीएफएस-रिअलटाइममध्ये, ३० सेकंदांनी ताजी, सर्वांना खुली. कोची मेट्रो आणि दिल्ली या दोघांनी २०१८ मध्ये आपली विदा खुली केली. मग मोबाइल ॲप पालिकेने बनवून घ्यायची गरजच राहत नाही, कॉलेजची पोरं बनवतात. करार संपताना ९० दिवसांचं हस्तांतर: पासवर्ड, सिमकार्डं पालिकेच्या नावावर, सगळा इतिहास, पेट्यांच्या किल्ल्या. हसू नका, किल्ल्या लिहाव्या लागतात.

तापीकाठ
धाग्यातून जमलं ते मूळ प्रश्नाला लावून मसुदा असा करतोय:

शहरं चार, निविदा एक, दरकरार पद्धतीने, प्रत्येकाची अंदाजित संख्या आधीच दाखवून. अनुभवाच्या अटीऐवजी पाच बसवर (त्यात एक घाटमार्ग) तीन आठवडे चाचणी, अहवाल आणि विदेची ठरलेली किंमत देऊन. मोजणी जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या त्रयस्थाकडून. उतरलेल्यांत पाच वर्षांच्या खर्चावर एल-१. पैसे ६० आणि २० गुणिले २. सिग्नलची निविदा वेगळी, त्रिपक्षीय करार झाल्याशिवाय काढायचीच नाही, आणि 'ठरावीक वेळा पुरतात' असं निघालं तर न घेण्याची मुभा.

काही राहिलं?

लेखाआक्षेप
दोन गोष्टी. चाचणीत एकच जण उतरला तर काय, ते आधी लिहा. नाहीतर 'एकल निविदा' म्हणून फाइल परत येईल. आणि चाचणीचं वेळापत्रक चिठ्ठ्या टाकून ठरवा, ज्याला दिवाळीचा आठवडा मिळाला तो तक्रार करणारच.

सातपुडा
आणि थांब्यांची यादी. अक्षांश-रेखांशासकट, दोन्ही दिशांची वेगळी, नावं एकाच पद्धतीने लिहिलेली. ती नसेल तर चाचणीचे पहिले दोन आठवडे ठेकेदार थांबेच शोधत फिरेल आणि मोजायला एकच आठवडा उरेल. निविदेआधी पालिकेनेच करून घ्या. दोन माणसं, एक दुचाकी, आठवड्याभराचं काम.

चौफुली
दुचाकी कोणाची, पेट्रोल कोणाचं?

लेखाआक्षेप
आकस्मिक खर्च. पावती जोडा.